दुःखसहनाच्या वाचनातील ‘यहूदी’: गुड फ्रायडेच्या प्रवचनाची तयारी कशी करावी

गुड फ्रायडेला अनेक मंडळ्यांत योहानकृत शुभवर्तमानाचे अठरावा आणि एकोणिसावा हे दोन अध्याय सलग वाचले जातात. या दोन अध्यायांच्या मूळ ग्रीक संहितेत ‘यहूदी’ हा शब्द वीसहून अधिक वेळा येतो. वाचन संपते, सभा खाली बसते, प्रवचनकार उभा राहतो, आणि पुढच्या पंधरा-वीस मिनिटांत तो काय बोलतो यावर ऐकणारा घरी काय घेऊन जाईल हे पुष्कळसे ठरते. युरोपातील श्रोता कित्येक शतके असे समजून घरी गेला की यहूद्यांनी देवाला मारले, म्हणून देवाने त्यांना टाकून दिले, आणि त्यामुळे त्यांच्यावर येणारे प्रत्येक संकट रास्तच आहे. ज्यूंच्या या छळाला ख्रिस्ती ईश्वरविज्ञानाने उत्तर दिले आहे; ते उशिरा दिले आणि पहिल्या प्रयत्नात अपुरे दिले, पण दिले. मात्र ते उत्तर निवेदनांत आणि जाडजूड ग्रंथांत राहून उपयोगाचे नाही, कारण छळाला बळ देणारी शिकवण प्रामुख्याने व्यासपीठावरून आणि प्रश्नोत्तरीच्या वर्गातून पसरली होती, आणि दुरुस्तीही तिथेच व्हायला हवी. पाळक, धर्मगुरू, प्रवचनाची जबाबदारी घेणारे प्रापंचिक आणि रविवारच्या शाळेचे शिक्षक यांनी ही तयारी कशी करावी, ते पुढे सांगितले आहे. तिला निदान तीन आठवडे द्यावेत. आदल्या रात्री बसून हे होणार नाही.

तीन नावे, एक समाज

मराठी प्रवचनकाराने सर्वांत आधी स्वतःच्या भाषेकडे पाहावे. पवित्र शास्त्रात आपण ‘यहूदी’ वाचतो, वर्तमानपत्रात ‘ज्यू’ वाचतो आणि अलिबाग, पेण, ठाणे या भागांत पिढ्यानपिढ्या राहिलेल्या शेजाऱ्यांना ‘बेने इस्राएल’ म्हणतो. ही तीन नावे एकाच समाजाकडे बोट दाखवतात, हे ऐकणाऱ्यांपैकी अनेकांच्या ध्यानातच येत नाही. कोकणात तेलाचे घाणे चालवणारा आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारा, म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखला गेलेला, गावाच्या नावाला ‘कर’ लावून आडनाव घेणारा, घरात मराठी बोलणारा हा समाज येथे शेजाऱ्यांच्या छळाविना राहिला. त्यामुळे आपल्याकडे ‘यहूद्यांनी येशूला मारले’ हे वाक्य कुणाच्या दारावर दगड होऊन पडले नाही. पण नेमक्या त्याच कारणाने ते कधी तपासलेही गेले नाही, आणि युरोपातून आलेल्या पुस्तकांबरोबर जसेच्या तसे आपल्या तोंडी बसले.

म्हणून प्रवचनाच्या पहिल्या दोन मिनिटांत एक सरळ वाक्य असावे: येशू यहूदी होता, म्हणजे ज्यू होता, त्याची आई, त्याचे बारा शिष्य आणि पौल हेही ज्यू होते, आणि नवगावच्या किनाऱ्याशी आपल्या पूर्वजांची आठवण जोडणारे बेने इस्राएल त्याच लोकांपैकी आहेत. हे वाक्य वरवर शालेय वाटेल. पण तीन वेगळ्या खणांत ठेवलेल्या गोष्टी त्याने एकत्र येतात, आणि पुढचे सगळे त्यावर उभे राहते.

पेन्सिल घेऊन वाचन

यानंतर दोन्ही अध्यायांची एक प्रत मोठ्या अक्षरांत छापून घ्यावी आणि ‘यहूदी’ हा शब्द येईल तेथे पेन्सिलीने खूण करावी. मग प्रत्येक खुणेपाशी थांबून समासात एकच गोष्ट लिहावी: येथे नेमके कोण? हे काम कंटाळवाणे वाटते, पण संपूर्ण तयारीतील सर्वांत फलदायी तास हाच आहे, आणि तो कोणत्याही भाष्यग्रंथावर ढकलू नये.

काय दिसते ते पाहा. १८:२० मध्ये येशू म्हणतो की मी सर्व यहूदी जमतात त्या मंदिरात उघडपणे शिकवले. येथे शब्द अगदी साधा आहे, त्यात वैर नाही. १८:३५ मध्ये रोमी सुभेदार पिलात तुच्छतेने विचारतो, मी यहूदी आहे काय? पुढे १९:६ पाशी येऊन सावकाश वाचा. ‘वधस्तंभावर खिळा’ ही आरोळी ठोकणारे कोण, ते योहान स्पष्ट सांगतो: मुख्य याजक आणि त्यांचे कामदार. ‘सगळे यहूदी’ असे तेथे लिहिलेले नाही, तरी ऐकणाऱ्याच्या स्मरणात मात्र एक अफाट जमाव ओरडत असतो. १९:२० मध्ये वधस्तंभावरील पाटी पुष्कळ यहूदी वाचतात. ते वाटसरू आहेत. १९:४० मध्ये येशूचे शरीर ‘यहूद्यांच्या रीतीप्रमाणे’ सुगंधी द्रव्यांसह तागाच्या वस्त्रांत गुंडाळले जाते. ती माया आहे, वैर नव्हे. आणि १९:३८ मध्ये अरिमथाईचा योसेफ ‘यहूद्यांच्या भयामुळे’ गुप्तपणे शिष्य झालेला होता असे येते. योसेफ स्वतः यहूदी होता. यहूद्याला यहूद्यांचे भय वाटते याचा अर्थ एवढाच होऊ शकतो की येथे हा शब्द संपूर्ण समाजासाठी नसून अधिकार गाजवणाऱ्या एका गटासाठी वापरला आहे. हे एक वचन प्रवचनात उलगडून दाखवले तर बाकीची अनेक वचने ऐकणारा स्वतःच नीट ऐकू लागतो.

याच शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय शेजारी ठेवावा. लाजर मरण पावल्यावर मार्था आणि मरिया यांचे सांत्वन करायला घरी आलेले शेजारीही ‘यहूदी’च आहेत, आणि येशूला रडताना पाहून ‘याचे त्याच्यावर किती प्रेम होते’ असे म्हणणारेही तेच. चौथ्या अध्यायात शोमरोनी स्त्रीला येशू सांगतो की तारण यहूद्यांतून आहे. योहानाचे शुभवर्तमान पहिल्या शतकाच्या अखेरीस, इ.स. ७० मध्ये यरुशलेमेचे मंदिर उद्ध्वस्त झाल्यानंतर लिहिले गेले असे बहुतेक अभ्यासक मानतात. येशूला मशीहा मानणारे यहूदी आणि न मानणारे यहूदी यांच्यात तोवर कडवट दुरावा आला होता. घरातल्या भांडणाची भाषा तिखट असतेच. ती भाषा पुढे घराबाहेरच्यांच्या, म्हणजे परराष्ट्रीय ख्रिस्ती लोकांच्या हाती सत्तेसह आली, तेव्हा तिचे शस्त्र झाले.

मत्तय २७:२५, म्हणजे ‘त्याचे रक्त आमच्यावर व आमच्या मुलाबाळांवर’ हे वचन, वाचनात असेल तर ते गाळू नये आणि घाईने ओलांडूही नये. पिलाताच्या न्यायासनासमोर, एका अंगणात मावेल एवढ्या जमावाने काढलेले हे उद्गार आहेत. गालीलातील शेतकऱ्यांना, आलेक्सांद्रियातील वा रोममधील यहूद्यांना त्या सकाळी काय चालले आहे याची वार्ताही नव्हती. शिवाय मत्तयानेच एक अध्याय आधी, २६:२८ मध्ये, हे रक्त पुष्कळांच्या पापक्षमेसाठी ओतले जात आहे असे येशूच्या तोंडी दिले आहे. ज्या रक्ताने क्षमा मिळते असे आपण वेदीपाशी म्हणतो, तेच रक्त एका समाजावर शाप म्हणून पडते असे म्हणणे शुभवर्तमानाच्या विरुद्ध आहे.

या वचनांनी काय केले

इतिहासाचा भाग प्रवचनात थोडक्यात असावा, पण प्रवचनकाराच्या अभ्यासात तो थोडका नसावा. दुसऱ्या शतकात सार्दीसचा मेलितो याने वल्हांडणावरील प्रवचनात इस्राएलवर देवहत्येचा आरोप ठेवला. ३८६-३८७ मध्ये अंत्युखियात योहान ख्रिसोस्तोम याने आठ प्रवचने दिली; त्याची मंडळी सभास्थानात, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहात, सणाला जात होती, आणि ते थांबवण्यासाठी त्याने सभास्थानाला वेश्यागृह आणि चोरांची गुहा म्हटले. ३८८ मध्ये कल्लिनिकुम येथे ख्रिस्ती जमावाने सभास्थान जाळले. सम्राट थिओडोसियसने तेथील बिशपला ते बांधून देण्याचा हुकूम केला, तेव्हा मिलानचा बिशप अंब्रोज याने धर्माच्या नावाने सम्राटाला माघार घ्यायला लावली. अगस्तीनची भूमिका सौम्य होती, यहूद्यांना मारू नये असे तो म्हणत होता; पण कारण असे देत होता की त्यांनी विखुरलेल्या, अवनत अवस्थेत जगून आपल्या शास्त्राची साक्ष द्यावी. पुढची अनेक शतके ज्यूंना मिळालेले संरक्षण याच अटीवरचे होते.

१०९६ मध्ये पहिल्या क्रूसयुद्धाच्या जमावांनी वर्म्स आणि माइन्झ येथील ज्यू वस्त्या नष्ट केल्या. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने ज्यूंना वेगळा पोशाख सक्तीचा केला आणि दुःखसहनाच्या दिवसांत त्यांनी घराबाहेर पडू नये असे ठरवले. जो दिवस आपल्यासाठी सर्वांत पवित्र, तो त्यांच्यासाठी दारे लावून बसण्याचा झाला. मार्टिन लूथरने १५२३ मध्ये येशू जन्माने यहूदी होता हे आग्रहाने मांडले आणि १५४३ मध्ये सभास्थाने जाळण्याचा सल्ला लिहून ठेवला. १९०३ च्या ईस्टरला किशिनेव्हमध्ये ४९ ज्यू मारले गेले.

याच काळात वेगळे वागणारेही होते, आणि त्यांची नावे सांगावीत. ११४६ मध्ये राडुल्फ नावाचा मठवासी ऱ्हाइन खोऱ्यात ज्यूंच्या कत्तलीचा प्रचार करत फिरत होता. क्लेअरव्होचा बर्नार्ड स्वतः तेथे गेला आणि त्याने त्याला गप्प केले. बॉनचा रब्बी एफ्राईम याने ते कृतज्ञतेने नोंदवून ठेवले आहे. पण हेही सांगावे लागते की बर्नार्डचा युक्तिवाद अगस्तीनचाच होता. जीव वाचवणारी कृती आणि तुच्छता शिकवणारे ईश्वरविज्ञान एकाच माणसात शेजारी शेजारी नांदू शकतात, आणि म्हणून नुसत्या दयाळूपणावर थांबता येत नाही.

गोवा आणि महाराष्ट्रातील वाचकाला हे सारे दूरचे वाटू नये. गोव्यात धर्मन्यायालय (इन्क्विझिशन), म्हणजे श्रद्धेत चुकल्याच्या आरोपावरून खटले चालवणारे चर्चचे न्यायालय, १५६० मध्ये आले. गार्सिया द ओर्ता हा वैद्य, ज्याने भारतातील औषधी वनस्पतींवरचा आपला संवादग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला, तो स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या आणि पोर्तुगालमध्ये बाप्तिस्मा घ्यावा लागलेल्या ज्यू घराण्यातला होता. तो १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कॅटरिना हिला जिवंत जाळण्यात आले, आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली. बाप्तिस्मा झालेल्या माणसाचे रक्तच संशयास्पद, ही कल्पना इबेरियात, म्हणजे स्पेन-पोर्तुगालमध्ये, १४४९ मध्ये तोलेदोच्या फर्मानापासून रुजली होती. तत्कालीन पोपने तिचा निषेध केला, तरी ती टिकली. श्रद्धेविषयीची तुच्छता वंशाविषयीच्या तुच्छतेत कशी उतरते, हे पाहायला आपल्याला जर्मनीपर्यंत जावेच लागत नाही.

उत्तरे कशी तपासावीत

आता चर्चांनी वेळोवेळी काढलेल्या निवेदनांकडे यावे. प्रत्येक निवेदन हाती घेताना मी चार प्रश्न विचारतो आणि वाचकानेही ते विचारावेत: यात ज्यूंचे नाव आहे का, चूक कुणाची म्हटली आहे, काही भरकटलेल्या व्यक्तींची की चर्चच्या शिकवणुकीची, देवाने इस्राएलशी केलेला करार आजही चालू आहे असे म्हटले आहे का, आणि त्यामुळे उपासनेतील एखादा तरी शब्द बदलला का?

या कसोटीवर बार्मेनचे घोषणापत्र लावून पाहा. जर्मन प्रोटेस्टंटांचे मे १९३४ मधील हे सहा सिद्धांत नाझी सत्तेपुढे ख्रिस्ताखेरीज दुसऱ्या कुणाचा शब्द न मानण्याची ग्वाही देतात, आणि ते लिहिणे धोक्याचे होते. पण त्यात ज्यूंचा एकदाही उल्लेख नाही. ते मुख्यतः ज्याच्या लेखणीतून उतरले त्या कार्ल बार्थ या ईश्वरविज्ञान्याने १९६७ मध्ये एका पत्रात कबूल केले की हा प्रश्न तेव्हा निर्णायक मानला नाही ही आपली चूक होती. जर्मन प्रोटेस्टंट चर्चच्या ऑक्टोबर १९४५ च्या श्टुटगार्ट निवेदनात दोषाची कबुली आहे, ज्यूंचे नाव नाही. एप्रिल १९५० मध्ये बर्लिन-वाइसेन्झे येथील धर्मसभेने प्रथम स्पष्ट म्हटले की येशूला वधस्तंभावर खिळल्यानंतरही आपल्या निवडलेल्या लोकांना, इस्राएलला, देवाने दिलेले वचन कायम आहे. म्हणजे नाझींच्या मृत्युछावण्या उघडल्यानंतरही या वाक्यापर्यंत पोहोचायला पाच वर्षे लागली.

डीट्रिख बोनहोफर या जर्मन पाळकाचा एप्रिल १९३३ चा निबंध मुद्दाम वाचावा, कारण त्यात उत्तर आणि आजार दोन्ही एकत्र सापडतात. चर्चने राज्यसत्तेला जाब विचारावा, बळी पडलेल्यांना, ते ख्रिस्ती नसले तरी, मदत करावी, आणि वेळ आली तर चाकाखाली सापडलेल्यांना मलमपट्टी करण्यावर न थांबता चाकच अडवावे, असे तो तेथे म्हणतो. आणि त्याच निबंधात असेही म्हणतो की ज्यांनी तारणाऱ्याला वधस्तंभावर खिळले त्या लोकांना दीर्घ दुःखाच्या इतिहासातून आपल्या कृत्याचा शाप वाहावा लागतो. चाक अडवायला निघालेल्या माणसाच्याही मनात ते जुने वाक्य शाबूत होते. पुढे ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीभर सभास्थाने जळाली, आणि बोनहोफरने आपल्या बायबलमध्ये स्तोत्र ७४ च्या आठव्या वचनाशेजारी, जिथे देशातील देवाची सर्व सभास्थाने जाळल्याचा उल्लेख आहे, ‘९.११.३८’ एवढीच तारीख लिहिली. त्या समासातील तारखेत मला एक वळण दिसते: जळणारी घरे आता शापित लोकांची राहिली नाहीत, देवाची झाली.

दुसऱ्या टोकाला आयझेनाख येथील संस्था ठेवावी. मे १९३९ मध्ये प्रोटेस्टंट प्राध्यापकांनी आणि पाळकांनी ती चर्चजीवनातील ‘ज्यू प्रभाव’ नष्ट करण्यासाठी काढली, आणि १९४० मध्ये ज्यू संदर्भ छाटलेला नवा करार छापला. नास्तिकांनी बाहेरून येऊन चर्च बिघडवले, हे समाधान आपल्याला घेता येत नाही. त्या संस्थेत नव्या कराराचे अभ्यासक काम करत होते.

कॅथलिक बाजूने कथा एका इतिहासकारापासून सुरू होते. फ्रान्सच्या ज्यूल इझाक याची पत्नी आणि मुलगी ऑशवित्झच्या नाझी मृत्युछावणीत नेऊन मारली गेली. त्याने उरलेले आयुष्य शुभवर्तमाने मुळातून वाचण्यात घालवले आणि चर्चच्या शिकवणुकीला ‘तिरस्काराची शिकवण’ असे नाव दिले. १९४७ मध्ये स्वित्झर्लंडमधील झेलिसबर्ग येथे ज्यू आणि ख्रिस्ती प्रतिनिधींनी शिकवणाऱ्यांसाठी दहा मुद्दे ठरवले, त्यामागे त्याची तयारी होती. जून १९६० मध्ये तो पोप तेविसाव्या योहानला भेटला. त्याआधी, १९५९ मध्ये, या पोपने गुड फ्रायडेच्या प्रार्थनेतील ज्यूंविषयीचा ‘अविश्वासू’ हा अवमानकारक शब्द काढून टाकला होता. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे ‘नॉस्त्रा एताते’ हे निवेदन २२२१ विरुद्ध ८८ मतांनी संमत झाले. त्याचा चौथा परिच्छेद सांगतो की येशूच्या दुःखसहनात जे घडले त्याचा दोष तेव्हाच्या सर्व यहूद्यांना सरसकट देता येत नाही आणि आजच्या ज्यूंना तर नाहीच, आणि ते देवाने नाकारलेले वा शापलेले आहेत असे शिकवू नये. त्यात क्षमायाचना नाही, नाझींनी मारलेल्या सहा दशलक्ष ज्यूंचा उल्लेख नाही. हे उणेपण सांगावे. पण चौथ्या प्रश्नाला त्याने उत्तर दिले: १९७० च्या मिस्साग्रंथात गुड फ्रायडेची प्रार्थनाच बदलली, आणि देवाचे वचन प्रथम ऐकणारे लोक असा ज्यूंचा उल्लेख होऊ लागला. नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराविषयीचे १९९८ चे व्हॅटिकनचे निवेदन मात्र तपासताना सावध राहावे. ते दोष चर्चच्या ‘पुत्रकन्यांवर’ ठेवते, चर्चवर नाही. अमेरिकेतील इव्हँजेलिकल लूथरन चर्चने १९९४ मध्ये लूथरचे नाव घेऊन त्याच्या ज्यूविरोधी लेखनाचा धिक्कार केला. तो सरळपणा मला अधिक पटतो.

कॅथलिक प्रवचनकाराने हेही ध्यानात ठेवावे की हे सगळे विसाव्या शतकातच सुचलेले नाही. ट्रेंट परिषदेनंतरच्या १५६६ च्या प्रश्नोत्तरीत स्पष्ट लिहिले होते की ख्रिस्ताच्या दुःखाला सर्व पापी कारणीभूत आहेत, आणि त्याला ओळखूनही पाप करणाऱ्या ख्रिस्ती लोकांचा दोष यहूद्यांपेक्षा मोठा आहे. शिकवण कपाटात होती. व्यासपीठावर ती पोहोचत नव्हती.

रोमकरांस पत्र आणि कलमाची काडी

निवेदनांचा पाया एकाच जागी आहे, आणि तो प्रवचनकाराला स्वतःच्या शब्दांत मांडता आला पाहिजे: रोमकरांस पत्र, अध्याय ९ ते ११. तीनही अध्याय एका बैठकीत मोठ्याने वाचावेत. ९:४ मध्ये पौल दत्तकपण, गौरव, करार ही ‘त्यांची आहेत’ असे वर्तमानकाळात म्हणतो. ‘होती’ असे म्हणत नाही. ११:१ मध्ये देवाने आपल्या लोकांचा त्याग केला काय, या प्रश्नाला ‘कदापि नाही’ असे उत्तर देतो. ११:२९ मध्ये देवाची कृपादाने आणि पाचारण अपरिवर्तनीय आहेत असे सांगतो.

मध्ये जैतुनाचा दाखला येतो, आणि तो कोकणातील श्रोत्याला युरोपातील श्रोत्यापेक्षा लवकर समजायला हवा. आपल्याकडे रायवळ आंब्याच्या कोयीचे रोप घेतात आणि त्यावर हापूसची काडी बांधतात. मूळ रानटी, फांदी जातिवंत. पौल नेमके उलटे सांगतो. मूळ जातिवंत जैतुनाचे, म्हणजे इस्राएलचे, आणि त्यावर बांधलेली काडी रानटी, म्हणजे आपण परराष्ट्रीय. कोणताही माळी असे करणार नाही, आणि हे निसर्गाविरुद्ध आहे असे पौल स्वतःच ११:२४ मध्ये म्हणतो. मग तो काडीला बजावतो: मोडलेल्या फांद्यांपुढे बढाई मारू नकोस, तू मुळाला धरून ठेवलेले नाहीस, मुळाने तुला धरून ठेवले आहे. चर्चने इस्राएलची जागा घेतली ही जुनी शिकवण म्हणजे काडीने मूळ तोडून आपणच झाड झाल्याचा दावा करणे होय. प्रवचनाला एकच प्रतिमा हवी असेल तर ही घ्यावी, आणि शक्य असल्यास खरीच कलमाची काडी हातात घेऊन दाखवावी.

वाक्ये बदलताना

आता प्रवचन लिहून काढावे आणि पुन्हा पेन्सिल घ्यावी. ‘यहूद्यांनी येशूला वधस्तंभावर खिळले’ असे वाक्य आले असेल तर तेथे लिहावे: ‘मंदिराच्या मुख्य याजकांनी त्याला पिलाताच्या हाती दिले, आणि पिलाताच्या हुकमाने रोमी शिपायांनी त्याला वधस्तंभावर खिळले.’ वधस्तंभ ही रोमी शिक्षा होती, आणि प्रेषितांच्या मतांगीकारात आपण दर रविवारी नाव घेतो ते पिलाताचे. ‘यहूद्यांनी मशीहाला नाकारले’ याऐवजी ‘त्याला मानणारे पहिले सगळे यहूदीच होते, आणि न मानणारेही बहुतेक त्याच्याच घरचे होते’ असे म्हणता येते.

‘जुन्या करारातील कोपिष्ट देव आणि नव्या करारातील प्रेमळ देव’ हे वाक्य तर सापडताच खोडावे. जुन्या कराराच्या देवाला वेगळा ठरवणाऱ्या मार्कियनला रोमच्या मंडळीने इ.स. १४४ च्या सुमारास बाहेर काढले होते, आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा लेवीय १९:१८ मधली आहे. ‘परूशी’ हा शब्द ढोंग्यासाठी शिवी म्हणून वापरण्याची आपल्याकडे सवय आहे, ती सोडावी. हेरोद तुला मारू पाहतो, येथून निघून जा, असा इशारा येशूला देणारे लूक १३:३१ मध्ये परूशीच आहेत, प्रेषितांचे प्राण वाचवणारा गमलियेल परूशी आहे, आणि आजचा ज्यू धर्म बऱ्याच अंशी त्यांच्याच परंपरेतून आलेला आहे. परूशी म्हणजे ढोंगी असे म्हणणे हा एका जिवंत समाजाच्या गुरूंचा अवमान ठरतो.

पवित्र शास्त्राची संहिता मात्र स्वतःच्या अधिकारात बदलू नये. वाचनात शब्द गाळणे सोपे असते, पण ऐकणारा घरी जाऊन तेच पुस्तक उघडतो आणि त्याला मदत करणारे तेथे कुणी नसते. मजकूर जसा आहे तसा वाचावा, आणि वाचनाआधी दोन-तीन वाक्यांची प्रस्तावना द्यावी.

आणखी एका ठिकाणी पाय घसरतो, आणि तेथे सद्भावनाच घसरवते. ऑशवित्झच्या यातनांना ‘ज्यू लोकांचे कालवरी’ म्हणून ख्रिस्ती अर्थ देण्याचा मोह प्रवचनकाराला होतो. १९८४ मध्ये कार्मेल संघाच्या धर्मभगिनी ऑशवित्झ छावणीच्या कुंपणालगतच्या इमारतीत प्रार्थनेसाठी राहायला गेल्या. हेतू शुद्ध होता, पण तेथे मारल्या गेलेल्यांच्या वारसांना ते आपल्या मृतांवर वधस्तंभ उभारल्यासारखे वाटले, आणि दीर्घ वादानंतर १९९३ मध्ये त्या तेथून हलल्या. वधस्तंभाच्या नावाने ज्यांचा छळ झाला त्यांच्या दुःखावर वधस्तंभाचे चिन्ह लावू नये. रब्बी अर्विंग ग्रीनबर्ग यांनी घालून दिलेली कसोटी कठोर आहे: जळत्या मुलांच्या समोर जे विश्वासार्ह ठरणार नाही असे कोणतेही विधान, ईश्वरविज्ञानाचे असो वा अन्य, करू नये. प्रवचनातील सांत्वनाचे प्रत्येक वाक्य या कसोटीवर लावून पाहावे; माझी पुष्कळ वाक्ये तेथे गळाली आणि प्रवचन लहान झाले. योहान बाप्टिस्ट मेट्झ हे जर्मन कॅथलिक ईश्वरविज्ञानी आपल्या विद्यार्थ्यांना सांगत की जे ईश्वरविज्ञान ऑशवित्झच्या आधी आणि नंतर सारखेच राहू शकते, त्यापासून सावध राहा.

इस्राएल या आजच्या राज्याच्या धोरणांविषयी प्रश्न विचारले जातील. त्या धोरणांवर इतर कोणत्याही राज्याप्रमाणे बोलता येते, आणि पॅलेस्टिनी लोकांत आपले ख्रिस्ती बांधवही आहेत हे विसरू नये. पण तो विषय गुड फ्रायडेच्या व्यासपीठावर आणून कराराच्या प्रश्नात मिसळू नये. त्यासाठी वेगळी संध्याकाळ ठेवावी.

शेवटी प्रार्थना. कॅथलिक उपासनेत तिचा मजकूर ठरलेला आहे, तेव्हा ती घाई न करता वाचावी. इतर मंडळ्यांत ती पाळकाला लिहावी लागते. ती लिहिण्यापूर्वी बर्नहार्ड लिख्टेनबर्ग याची आठवण ठेवावी. हा बर्लिनच्या संत हेडविग कॅथेड्रलचा धर्मगुरू नोव्हेंबर १९३८ च्या त्या रात्रीनंतर संध्याकाळच्या प्रार्थनेत म्हणाला की बाहेर मंदिर जळत आहे, आणि तेही देवाचे घर आहे. त्यानंतर तो रोज ज्यूंसाठी उघडपणे प्रार्थना करत राहिला. ऑक्टोबर १९४१ मध्ये त्याला अटक झाली आणि ५ नोव्हेंबर १९४३ रोजी डाखाउच्या वाटेवर तो मरण पावला. आपल्या प्रार्थनेत ज्यूंचे नाव असावे, क्रियापदे वर्तमानकाळी असावीत, आणि ‘त्यांना सद्बुद्धी दे’ अशा धर्तीचे काहीही नसावे. देवाने त्यांच्याशी केलेल्या कराराबद्दल आभार, चर्चने त्यांच्याशी केलेल्या वर्तनाबद्दल क्षमायाचना, आणि आज जेथे त्यांच्या सभास्थानांना पहारा लागतो तेथे त्यांच्या रक्षणासाठी विनंती, एवढे पुरे. ती म्हटल्यावर पुढच्या विनंतीकडे जाण्यापूर्वी सभेला मिनिटभर शांत बसू द्यावे.